ठोकळ्याशेजारची जागा

नाशिक रोडला पंचवटीच्या बसच्या रांगेत लताबाईंच्या पुढे दोघं बोलत होते.

“सिंधुताई! मी रंगनाथ, दादांच्या गॅरेजमधला.”

“अगोबाई! दसरा आला की दादा तुझं नाव काढायचाच. मडगार्ड ठोकताना आत धरायचा तो लोखंडी ठोकळा पूजेला मांडायचा, आणि शेजारी हातोडीची जागा मोकळी ठेवायचा.”

“भांडलो तेव्हा मीच नेली हातोडी. वाटलं, दादा नवी घेतील.”

“कुठली घेतोय! पोचे काढायचंच सोडलं त्यानं. म्हणायचा, रंगनाथ आणून देईल.”

“तीच द्यायला निघालोय, ताई. ही काय पिशवीत. दादा घरीच असतील ना?”

“श्रावणात गेला रे दादा.”

बस आली.

“बाई, तुम्ही व्हा पुढं,” रंगनाथ लताबाईंना म्हणाला.