मुद्देमाल : किडा एक

(गाव : आंजी मोठी. घरामागचं परसू, दुपारचे चार. ऋतिक निंबाच्या झाडाच्या आळ्यात गुडघे टेकून माती चाळतो आहे. त्याची आई मनकर्णाबाई ओट्यावर, वडील बबनराव बाजेवर.)

ऋतिक : सगळी सांडली? सगळी?

मनकर्णाबाई : थेंब नाई ठेवला. याच आळ्यात उलटी केली. मी दारूबंदी मंडळाची अध्यक्ष, अर्ध्या गावाची झडती घेतली म्या. अन् बाटली निंघाली कुठं? तं आपल्याच पोट्ट्याच्या पुस्तकामागं!

ऋतिक : आई, ते पिण्याचं नव्हतं. कॉलेजचं स्पिरिट होतं. किडे सडू नये म्हणून त्यात ठेवतात.

बबनराव : बहाना नवा हाय. आमच्या टायमाले खोकल्याचं औषध म्हनत.

मनकर्णाबाई : तुमी गप बसा. तुमचा अनुभव कोनी इचारला नाई.

ऋतिक : बाबा, हसू नका. त्या बाटलीत माझा नर होता.

बबनराव : कोन होता?

ऋतिक : नर! इअरविगचा. मागं चिमटा असते ना, तो किडा. दोन वर्षं झाले, रोहणा गावच्या संत्र्याच्या बगीच्यात पालापाचोळा उपसून राह्यलो. माद्या सतरा भेटल्या, नर हा एकच. या जातीबद्दल जगात अजून कोणीच लिहिलं नाई, मी लिहून राह्यलो. वर्णन तयार आहे, सोमवारी सरकडे द्यायचं. अन् नरच नाई म्हटल्यावर नवीन जात म्हणून कोण मानते? दोन वर्षं या निंबाच्या मुळात गेले.

बबनराव : मुळात कायले? भुरी कोंबडी सकाळपासून तिथंच उकरून राह्यली होती. तुही नवी जात पह्यले तिलेच समजली असन.

ऋतिक : बाबा!

बबनराव : अरे, चव कशी होती थे तरी इचारून घे तिले. तुह्या वर्णनात तेवढंच राह्यलं असन.

मनकर्णाबाई : आळं उकरनं सोड आता, मुळ्या उघड्या पडून राह्यल्या. इकडं ये. माह्यासमोर उभा राह्य. कसा होता तुहा किडा?

ऋतिक : आता सांगून काय फायदा?

मनकर्णाबाई : सांग म्हटलं ना.

ऋतिक : काळा. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. पंख नाई. पाय पिवळे, मांडीवर काळा पट्टा.

मनकर्णाबाई : बरोबर. आखीन?

ऋतिक : मागं चिमटा. चिमट्याची डावी बाजू वाकडी, उजवी जवळपास सरळ.

मनकर्णाबाई : खोटं. उजवी वाकडी होती.

ऋतिक : आई, मायक्रोस्कोपखाली ठेवून चित्र काढलं मी!

मनकर्णाबाई : अन् म्या चष्मा लावून पाह्यलं. पाठ वर, तोंड पल्याड, अन् उजव्या हाताची बाजू वाकडी. हे पाह्य, लेहलेलं हाय. खाली पंच म्हनून मंडळातल्या धुरपताची सही हाय.

ऋतिक : काय आहे हे?

बबनराव : मंडळाचं पंचनाम्याचं रजिस्टर. लोक ठाण्याले भेत नाई, याले भेतेत.

मनकर्णाबाई : वाच. मोठ्यानं वाच.

ऋतिक : "बाटली एक, काचेची, वास उग्र. आत किडा एक. रंग काळा, पाय पिवळे, मागे चिमटा. चिमट्याची उजवी बाजू वाकडी. दारू पंचासमोर सांडली. मुद्देमाल जप्त." ... थांब. थांब जरा. चित्र काढताना मी त्याला उताणा ठेवला होता. म्हणजे त्याची उजवी मला डावीकडं दिसली... अरे देवा! अख्ख्या वर्णनात उलटं लिहिलं मी. सोमवारी असंच पाठवलं असतं!

बबनराव : सातवी शिकली हाय थे. अन् आमचा पोट्टा पीएच.डी. करून राह्यला.

ऋतिक : आई, मुद्देमाल जप्त म्हणजे?

मनकर्णाबाई : मंडळाचा नियम हाय. दारू सांडाची, बाकीचं ठेवाचं. किडा काडीपेटीत हाय, कापसात. वरून लाखेचा शिक्का. पायबी नाई तुटला त्याचा, सहाच्या सहा मोजले.

ऋतिक : तुझ्याजवळच होता? अन् मला घंटाभर माती चाळू दिली?

मनकर्णाबाई : मले पाहाचं होतं, तू कायच्यासाठी रडतं. बाटलीसाठी का किड्यासाठी.

ऋतिक : मग?

मनकर्णाबाई : बाटलीचं एकदाच इचारलं तू. किड्यासाठी नखं फोडून घेतले. ... महिना झाला, बाबू, तुह्या कपड्याले वास येऊन राह्यला. तू झोपला असतानी रोज तुह्या तोंडाजवळ नाक नेलं म्या. तुह्या बाबाच्या येळी सुरुवात अशीच झालती. लय भेव वाटलं मले.

ऋतिक : मला विचारलं काऊन नाई?

मनकर्णाबाई : हो म्हटलं असतं तं?

ऋतिक : ... आई. हे खाली काय लिहिलं? "कोणाच्या घरी : अध्यक्षाच्या. कोणाची : मुलगा ऋतिक." माझं नाव टाकलं तू?

मनकर्णाबाई : दुसऱ्याच्या पोट्ट्याचं टाकतो ना आपन? मंग आपल्याचंबी टाकाव लागते.

ऋतिक : आता तरी फाडून टाक हे पान.

मनकर्णाबाई : मंडळाचं पान फाटत नाई. पेन घे. खाली लेह, तुह्याच अक्षरानं. सही माही राहीन.

ऋतिक : काय लिहू?

मनकर्णाबाई : लेह... पोरगा पेलेला नोता. आईची चूक झाली.

बबनराव : पेन हातात हाय म्हनून सांगतो, बाबू. पह्यल्या पानावर माहं नाव हाय. त्याच्याखाली काई लेहजो नोको. थे बरोबर हाय.