दोरी खिळ्यावरच होती

मी, वय ४४ वर्षे, व्यवसाय नोकरी, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात जोखीम अधिकारी, राहणार कारखान्यामागील वसाहत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी पती व सासूबाईंसह राहते. या कारखान्यात मला अकरा वर्षे झाली.

धोक्यांची नोंदवही माझ्याकडे असते. प्रत्येक धोक्याला आम्ही दोन आकडे देतो. तो घडण्याची शक्यता पाचपैकी किती आणि घडल्यास इजा पाचपैकी किती. गुणाकार पंधरा किंवा जास्त आला तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवायचे, असा नियम आहे. तो मीच लिहिला आहे.

मालाची लिफ्ट चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. गेल्या महिन्याच्या चार तारखेला ते मला म्हणाले, "मॅडम, ही लिफ्ट खोटं बोलायला लागलीय. पाळणा खाली असला तरी वरचं दार उघडतं." मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन पाहिले. पाळणा, म्हणजे माल ठेवायचा पिंजरा, समोर नसताना दार अडवून धरणारी कडी झिजली होती. मामा खांबाला पक्की केलेली दोरी कमरेला बांधून दार उघडत, वाकून पाळणा आल्याची खात्री करत, मगच माल आत ढकलत. काम झाले की दोरी गुंडाळून खिळ्यावर अडकवत. पॅकिंगच्या ताई तिथे होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, माल चढवताय की विहिरीत उतरताय?" मामा म्हणाले, "हस बाई. मला नातवंडं बघायचीयत."

मी शक्यता तीन व इजा पाच लिहिली. पंधरा.

सहा तारखेच्या बैठकीत मॅनेजर साहेब म्हणाले, "लिफ्ट बंद ठेवून ऑर्डर काय डोक्यावरून उतरवायची? वर्षभरात कोणाला खरचटलं तरी का? मामा आहेत तोवर काय धाड भरलीय तिला." आम्ही सहाजण होतो. हरकत कोणीच नोंदवली नाही. मी तीनचे दोन केले, गुणाकार दहा आला. आकडा कमी करणाऱ्याने कारण लिहून सही करायची असते. मी लिहिले, 'चालक अनुभवी व दक्ष.' सही माझी आहे. कडी होती तशीच राहिली.

एकोणीस तारखेला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास पॅकिंगच्या ताईंनी तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडले व हातगाडी ओढत त्या पाठमोऱ्या आत गेल्या. पाळणा तळमजल्यावर होता. आवाज ऐकून मी धावले. हातगाडी काठावर अडकली होती. दोरी खिळ्यावरच होती. दवाखान्यात नेण्यापूर्वीच ताई मयत झाल्या होत्या.

कारखान्याच्या अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले आहे. मॅनेजर साहेब मला काल म्हणाले, "पाहिलंत तेवढंच सांगा. नोंदवहीचं कोण विचारतंय?" ताईंच्या मुलीने अहवाल वाचला. ती मला म्हणाली, "मावशी, गॅस बंद केलाय का ते बघायला आई जिन्यातून तीनदा परत यायची."

त्या दिवशी मामा रजेवर होते. रजेचा कागद आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता, कारण त्यांची रजा मी मंजूर करते. मी विचारले, "एकदम कशी रजा?" ते म्हणाले, "नात झालीय, मॅडम." मला आनंद झाला. मी लगेच सही केली. सही करताना कागदाखाली आधाराला नोंदवही होती. बदली माणूस नेमणे माझ्या लक्षात आले नाही.

हल्ली घरचे दार उघडले तरी मी आधी एक पाय पुढे टाकून जमीन चाचपते. सासूबाई विचारतात, काय हरवलंय. हे जबाबात नको, असे लिहून घेणारे पोलीस साहेब म्हणाले. मग राहू द्या म्हणाले.

नोंदवहीचे ते पान व रजेचा कागद मी सोबत आणले आहेत, ते जमा करते.

जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. रजेबद्दल तुम्हाला कोणी विचारलेले नाही, तो भाग काढायचा का, असे साहेबांनी दोनदा विचारले. ठेवा, असे मी सांगितले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणेच आहे.