शिवण्णाची हाक

कानाच्या यंत्राचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. साठ सालानंतरची गोष्ट असेल. मला ऐकू कमी यायचं आणि डोळ्यांना नुसता उजेड कळायचा, तरी मी कारखान्याच्या स्पोर्ट्सला शंभर मीटरमध्ये नाव दिलं. तेव्हाचं यंत्र म्हणजे खिशात डबी आणि तिची वायर कानात. धावताना डबी सदऱ्याला घासून नुसती खरखर व्हायची, म्हणून आमच्या अक्कानं बनियनला घट्ट खिसा शिवून दिला. माझा दोस्त शिवण्णा शेवटच्या रेषेवरून कानडीत “बा, बा!” म्हणजे ‘ये, ये’ असं ओरडणार आणि मी त्या हाकेवर धावणार, असं ठरलं.

शिट्टी झाली आणि नेमकं तेव्हाच लाउडस्पीकरवर कुणीतरी म्हणालं, “बन्नी, बन्नी, काफी रेडी!” बन्नी म्हणजे ‘या’; मला त्यातलं नुसतं ‘ब, ब’ ऐकू आलं आणि मी निघालो तो थेट कॉफीच्या मांडवात. टेबल, पेले आणि मी, सगळेच आडवे.

मला रडू फुटलं. शिवण्णाला म्हटलं, “घरी सोड मला.”

तेवढ्यात पहिला आलेला फिटर पंचांना म्हणाला, “शर्यत परत घ्या साहेब. आम्ही सगळे परत पळतो.”

लाउडस्पीकर बंद केला. अख्खं मैदान माझ्यासाठी गप्प बसलं. त्या शांततेत एकट्या शिवण्णाचा आवाज आला. मी सरळ पळालो आणि शेवटून दुसरा आलो.

मग टाळ्या पडल्या, तशी डबी कानात किंचाळायला लागली. अक्का धावत आली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, “बटण बंद कर रे, कान फाटेल!”

म्हटलं, “राहू दे अक्का. स्वल्प ऐकू दे.”