दोन गिटारींचं साटंलोटं

प्रेमला : मी कुणाला बोलत नाहीये हं. डब्याशी बोलतेय. पापडाच्या डब्यात पापड असावेत, एवढीच आमची दोघांची अपेक्षा होती.

यज्ञेश्वर : अगं, हळू काढ. तारा आहेत त्या. मुंबईहून मागवल्यात. दमट हवेत गंजतात.

प्रेमला : नगरात दमट हवा! अहो, यंदा विहिरीसुद्धा कोरड्या आहेत. इथे पापड चार दिवस उघड्यावर टाकला तरी मऊ पडत नाही.

यज्ञेश्वर : म्हणून तर डब्यात ठेवल्या. घरातली सगळ्यात कोरडी जागा.

प्रेमला : आणि बायको सगळ्यात शेवटी उघडते ती.

यज्ञेश्वर : तोही एक गुण आहे त्या जागेत.

प्रेमला : मागच्या महिन्यातल्या तारांना काय झालं?

यज्ञेश्वर : बोथट निघाल्या. आवाज बोथट, म्हणजे. मच्छिंद्रची जाड तार कशी घुमते, तशी घुमत नाही.

प्रेमला : आला मच्छिंद्र. मी म्हणतच होते, अजून कसा आला नाही.

यज्ञेश्वर : येईलच आता. घोडेगावहून सकाळच्या एस.टी.नं निघतो म्हणाला होता.

प्रेमला : मी आपली बोलायचं म्हणून बोलले. तुम्ही खरंच बोलावलंत?

यज्ञेश्वर : गिटार बदलायची आहे.

प्रेमला : पुन्हा? अहो, पाडव्याला काळी त्याला दिलीत आणि तांबडी घेतलीत. आखाडात तांबडी परत केलीत आणि काळी घरी आणलीत. श्रावण सरला नाही तोच—

यज्ञेश्वर : काळी त्याच्याकडे असली की गोड बोलते. आपल्या उंबऱ्याच्या आत आली की हिचा घसा बसतो. तू ऐकलंयस ना?

प्रेमला : सासरी आल्यावर माझाही बसला होता. मला नाही कुणी घोडेगावला धाडलं.

यज्ञेश्वर : थट्टा नको, प्रेमला. भिंगारच्या गणपतीचा कार्यक्रम तोंडावर आलाय. दुष्काळात वर्गणी किती जमणार? मंडळानं वेळ निम्मा केलाय. रंगनाथ म्हणाला, यंदा आपल्या ऑर्केस्ट्रात एकट्या गिटारीचं एकच गाणं. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं मागे बसून साथ करायची. कुणी वाजवायचं ते दोघांनी आपसांत ठरवा.

प्रेमला : ऑर्केस्ट्रा रंगनाथरावांचा. त्यांनीच सांगावं की.

यज्ञेश्वर : तो म्हणतो, माझ्यावर टाकू नका. कुणीच बोलत नाही. विषय निघाला की राधाकृष्ण तबल्याला पावडर चोळत बसतो. एरवी ह्या माणसाला गप्प करायला सुपारी द्यावी लागते.

प्रेमला : त्यात काय एवढं अवघड आहे सांगायला?

यज्ञेश्वर : अवघड नाही म्हणजे? तुला काय वाटतं?

प्रेमला : मला वाटतं, दार वाजलं.

मच्छिंद्र : वहिनी, आधी पानी द्या. घसा पार वाळून गेलाय.

प्रेमला : या मच्छिंद्रभावजी. ही मोठी पेटी घेऊन उभ्यानं आलात की काय?

मच्छिंद्र : बसाया मिळालं, पर कंडक्टरनं गिटारीचं अर्धं तिकीट फाडलं. म्हंला, पेटीत काय हाय? म्हनलं, गिटार. म्हंला, चावती का?

प्रेमला : मग?

मच्छिंद्र : म्हनलं, ज्यानं इकत घेतली त्यालाच.

प्रेमला : ऐकलंत? एस.टी.तल्या लोकांनासुद्धा कळायला लागलं.

यज्ञेश्वर : तू ती रेशनची मिलो ज्वारी निवड. मच्छिंद्र, काढ ती तांबडी. आहाहा. हिची लकाकी बघ. काय लावलंस रे हिला?

मच्छिंद्र : खोबरेल त्याल, भाऊसाहेब. बैलाच्या शिंगांना लावतो त्यातलंच. तुमची काळी जरा उजेडात आना बरं. मान सरळ हाय. खुट्या घट्ट. पोटावर हा वरखडा कसला?

यज्ञेश्वर : तुझ्याकडेच झालेला आहे तो.

मच्छिंद्र : माझ्याकडनं गेल्ती तवा न्हवता.

प्रेमला : दात बघायचे राहिले, भावजी.

मच्छिंद्र : दातावरनं वय कळतं, वहिनी. हिचं वय आमाला ठावं हाय. गुन कळंनात, तिथं घोडं अडलंय. बरं भाऊसाहेब, वर काय देता?

यज्ञेश्वर : वर कशाला? गिटारीला गिटार.

मच्छिंद्र : तांबडीवर म्या नवा पट्टा चढिवलाय. पेटीला कुलूप बसिवलंय. वर काईतरी पायजेच. ह्यो टावेल घ्या. घाला हात.

प्रेमला : अहो, टॉवेलाखाली काय चाललंय तुमचं?

यज्ञेश्वर : बाजाराची रीत आहे. याचे वडील घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करतात ना. आकडा तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली बोटं दाबायची.

प्रेमला : का बरं?

मच्छिंद्र : बाजूच्या मानसाला कळू नये म्हनून.

प्रेमला : इथे बाजूचं माणूस मीच आहे.

मच्छिंद्र : तेच म्हनतो मी.

यज्ञेश्वर : तीन? छे छे. दोन. बरं, दोन आणि... हां. ठरलं.

प्रेमला : दोन तारांचे संच. पापडाच्या डब्यातले.

मच्छिंद्र : वहिनी, तुमी आमच्या आबांच्या हाताखाली पायजे हुता.

यज्ञेश्वर : झाला सौदा. घे तुझी काळी. आता वाजव बघू, प्रेमलाला ऐकू दे. मांडीवर नीट आडवी घे. मागच्या गणपतीतलंच वाजव.

मच्छिंद्र : आधी तुमी वाजवा की.

यज्ञेश्वर : तू वाजव म्हणतो ना.

(मच्छिंद्र वाजवतो. प्रेमलाच्या मांडीवर सूप तसंच राहतं. वाजवणं थांबतं तेव्हा तिला आपली मूठ मिलोनं भरलेली दिसते आणि ती कधी उचलली हे काही आठवत नाही.)

यज्ञेश्वर : बघितलंस? ऐकलंस ना? सकाळपर्यंत हीच काळी माझ्या मांडीवर होती. माझ्याशी धड एक शब्द बोलली नाही.

मच्छिंद्र : आता तुमी तांबडी घ्या. तिचा आवाज आजून मोकळा हाय. ... व्हय. व्हय. ब्येस. आता वरच्या पट्टीत जावा. ब्येस.

यज्ञेश्वर : कसं वाटलं, प्रेमला?

प्रेमला : छान.

यज्ञेश्वर : छान म्हणजे कसं?

प्रेमला : छान म्हणजे छान. त्याला आणखी काय असतं?

यज्ञेश्वर : तो वाजवत होता तेव्हा तुझं सूप थांबलं होतं.

प्रेमला : खडा दिसला होता.

यज्ञेश्वर : मी वाजवत होतो तेव्हा पाखडत होतीस. तेही माझ्या तालात.

प्रेमला : तालात पाखडलं हे तरी चांगलं ना? बेतालात पाखडलं असतं तर?

मच्छिंद्र : भाऊसाहेब, तुमचं स्टूल बुटकं हाय. त्यानं हात आखडतो. माज्या स्टुलावर या. आन हितं खिडकीपाशी आवाज भिंतीवर आपटत न्हाई.

यज्ञेश्वर : खिडकी म्हणतोस? हो, असेल.

मच्छिंद्र : आन ही माजी लोखंडी कांडी घ्या, तारंवर घासाया. तुमची इलायती कांडी हलकी पडती.

यज्ञेश्वर : हीच. ह्या कांडीवर माझा कधीपासून डोळा आहे. कुठून आणलीस?

मच्छिंद्र : जीपची पिन हाय. गॅरेजवाला टाकून देत हुता.

यज्ञेश्वर : वजन काय आहे! प्रेमला, हात लावून बघ.

प्रेमला : नको. आणि आता त्यांचा सदरा तेवढा घालायचा राहिला.

यज्ञेश्वर : गप्प बस गं. ऐक आता. ... हं? मच्छिंद्र, आता?

मच्छिंद्र : आता लई ब्येस.

यज्ञेश्वर : खोटं बोलू नकोस.

मच्छिंद्र : मंग थोडं ब्येस.

यज्ञेश्वर : तुझं स्टूल, तुझी जागा, तुझी कांडी, तुझी गिटार. आणि आवाज आला माझाच. आता काय बदलायचं राहिलं?

प्रेमला : चहा टाकते मी.

यज्ञेश्वर : बस, प्रेमला. चहा नको. मागच्या गणपतीला तू डोळ्यांना पदर लावला होतास.

प्रेमला : कधी?

यज्ञेश्वर : भिंगारला. हा वाजवत होता. मी याच्या मागे साथीला बसलो होतो. मांडवातला दिवा नेमका तुझ्या तोंडावर. पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको दुसऱ्याच्या वाजवण्यानं रडतेय. आणि मी आपला साथ करतोय.

प्रेमला : वर्षभर हे पोटात ठेवलंत?

यज्ञेश्वर : बोलणार काय?

प्रेमला : आणि त्याच आठवड्यात गिटारीला नवा पिकअप आला. दिवाळीला अँप्लिफायर. मग कांड्या, नख्या, पेटी. मला वाटायचं, नाद आहे. एखाद्याला पत्त्यांचा असतो, तसा तुम्हाला हा.

यज्ञेश्वर : मला वाटायचं, त्याच्याकडे जे काय आहे, ते एकदा आपल्याकडे आलं की—

प्रेमला : की मी रडेन?

यज्ञेश्वर : तू असं म्हटलंस की ते फार मूर्खपणाचं वाटतं.

मच्छिंद्र : वहिनी, मी निघतो. मला दुपारची गाडी गाठायची हाय.

प्रेमला : जेवल्याशिवाय कुठं जायचं नाही. भाकरी होतेच आहे. आणि तुम्हीही सांगा आता. ह्यांचं मला कळलं. तुम्ही कशाला येता दर सणाला गिटार बदलायला? तुमची तर कोणतीही गिटार गोड वाजते.

मच्छिंद्र : खरं सांगू?

प्रेमला : खोटं मघाशी सांगून झालंय.

मच्छिंद्र : घरी गिटार काढली की आबा म्हनत्यात, गोठ्याच्या बाजूला नको, म्हशी बुजत्यात. आय कानावरनं पदर घट्ट वढून घेती. हितं भाऊसाहेबांनी नुस्ती तार छेडली तरी तुमी हातातलं काम घिऊन भायेर येता. हितंच बसता. मला वाटायचं, भाऊसाहेबांच्या गिटारीतच काईतरी असंल. म्हनून न्यायचो. घरी न्हेली की पुन्यांदा त्याच म्हशी.

यज्ञेश्वर : म्हणजे तू माझ्यावर जळत होतास?

मच्छिंद्र : लई, भाऊसाहेब.

यज्ञेश्वर : अरे, मग मला कधी सांगितलं का नाहीस? मला केवढं बरं वाटलं असतं!

प्रेमला : घ्या. हसताय काय दोघे? सगळी मिलो सांडवलीत हसून.

यज्ञेश्वर : प्रेमला, एक सांग. शेवटचं. त्या रात्री त्याच्या मांडीवर कोणती होती? काळी की ही तांबडी?

प्रेमला : मला नाही माहीत.

यज्ञेश्वर : आठवून बघ.

प्रेमला : आठवायला आधी बघितलेली तर असावी! मी गिटारीकडे पाहिलंच नव्हतं. काळी होती, तांबडी होती, की कुणी फळीला तारा ठोकल्या होत्या, मला त्या रात्रीही सांगता आलं नसतं.

(यज्ञेश्वर लोखंडी कांडी खाली ठेवतो.)

प्रेमला : असं तोंड करू नका. रडले, खरं आहे. तुमच्या वाजवण्यानं नाही रडले कधी, तेही खरं. पण तुमचं मी लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ऐकतेय. रोज रडत बसले असते तर ह्या घरात भाकरी कुणी भाजली असती? एक दिवस तुम्ही वाजवलं नाहीत तर मी भिंतीपलीकडच्या बनुबाईंना विचारते, आज ह्यांना बरं नाही का काय.

यज्ञेश्वर : बनुबाईंना का? मला विचारायचं.

प्रेमला : तुम्ही कुठे भेटता? तुम्ही तारा तपासत असता.

मच्छिंद्र : भाऊसाहेब, मी काय म्हनतो, भिंगारला तुमीच वाजवा. मी साथीला बसतो. माजं काय, म्या बारक्या पोरासारखा कुटंबी बसंन.

यज्ञेश्वर : नको.

मच्छिंद्र : मंग चिठ्ठी टाकू. गनपतीच्या म्होरं. देवाच्या मनात असंल त्यो वाजवील.

यज्ञेश्वर : देवाला कशाला मध्ये घालतोस? तोही राधाकृष्णासारखा पावडर चोळत बसेल. रंगनाथला मी आजच जाऊन सांगतो.

प्रेमला : काय सांगणार?

यज्ञेश्वर : जे तो मला सांगत नाही. तूही सांगत नाहीस. हा लेकाचा तर स्टूल बदलतो, कांडी बदलतो, पण तोंडातून शब्द काढत नाही.

मच्छिंद्र : राहू द्या, भाऊसाहेब.

यज्ञेश्वर : तू माझ्यापेक्षा चांगलं वाजवतोस. कोणत्याही गिटारीवर.