उन्हाचे सत्तावीस किलोमीटर

—नाही, त्या खुर्चीवर नका बसू, गिऱ्हाइकाचे कपडे आहेत तिच्यावर. स्टुलावर बसा. हे येतील इतक्यात, कोपऱ्यावर गेलेत. डेपोच्या वर्कशॉपचे साहेब आमच्या घरी म्हणजे कौतुकच की. आठ महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याला घरी बसवलंत तेव्हा नाही आलात, तेव्हा नुसता कागद आला, खाली तुमची सही. एकतीस वर्षं बसगाड्यांचं वायरिंग केलं या माणसाने आणि तुम्ही लिहिलंत, हात थरथरतात. थरथरतात ना, मी कुठे नाही म्हणते. एका बसची वायर उलटी जोडली, धूर झाला, कबूल. पण तुम्हाला यायला तेव्हा वेळ नव्हता आणि आता प्रयोगाचा दिवस ठरवायला स्वतः आलात.

बघा ना, या खिडकीतून दिसतं सगळं. ती चार काळी पॅनेलं. घडी घातली की बॅगेसारखी होतात, हाताला धरून कुठेही न्या. जाहिरातीत एक पोरगी हसत हसत नेते. तिला म्हणावं, ये आमच्या अंगणात आणि दर अर्ध्या तासाने उचल, सरकव, तिरकं कर, कारण ऊन सरकतं, शेजारच्या टाकीची सावली सरकते, आणि सावलीचा नुसता कोपरा पडला तरी या बाया रुसून बसतात. पॅनेलातून वीज जाते त्या पेटीत, पेटीतून वायर जाते गाडीत. आणि गाडी कसली, तर हायब्रिड— पेट्रोलवरही चालते, विजेवरही चालते, म्हणजे धड कुणा एकाची नाही. जुनीच घेतली, तुमच्याकडून शेवटचं जे काही हातात पडलं त्यातून. किळस येते मला त्या सगळ्या पसाऱ्याची. या अंगणात माझ्या चादरी वाळायच्या. आता चादरी जिन्याच्या कठड्यावर कुबट होतात आणि या महाराण्या उन्हात लोळतात.

काय म्हणालात? हो, सत्तावीस. एका दिवसाच्या उन्हात सत्तावीस किलोमीटर. तुमच्या बायकोला मीच सांगितलं, तुमचे शर्ट पोचवायला गेले होते तेव्हा. तिने विचारलं, आता काय करतात हो तुमचे मिस्टर— आणि विचारताना तोंड असं केलं, जसं काही चपलेला काहीतरी लागलंय. मग माझी जीभ सुटली. म्हटलं, माझा नवरा उन्हावर गाडी चालवतो, तुमच्या साहेबांना म्हणावं करून दाखवा. तिथून हे सगळं लागलं मागे. आता तुम्ही म्हणता डेपोच्या आवारात, सगळ्या मेकॅनिकांसमोर, बॅटरी रिकामी करून गाडी उभी करायची, सकाळी पॅनेलं मांडायची आणि संध्याकाळी मोठ्याने आकडा वाचायचा. वरचे साहेबही येणार? वा. मग खुर्च्या भाड्याने आणा, म्हणजे कुणाला उभं राहावं लागायला नको.

नका करू ते. का म्हणजे? यांची कंबर दुखते. दोन माणसं देता उचलायला— केवढं मोठं मन तुमचं. पॅनेलं नाजूक आहेत, वाहून न्यायची नाहीत. हो, मीच म्हटलं आत्ता, बॅगेसारखी होतात. साहेब, तुम्ही माणूस आहात की वकील? बरं ऐका. पण हसायचं नाही. हसलात तर माझ्या हातात इस्त्री आहे आणि ती तापलेली आहे.

पहिल्या दिवशी सकाळी सातपासून हा माणूस त्या अंगणात वाकत होता, डोक्याला ओला टॉवेल बांधून. संध्याकाळी गाडीत जाऊन बसला, आकडा बघितला. सात. सबंध दिवसाचे सात किलोमीटर. पॅनेल पेटीला देतं तेव्हा गळतं, पेटी गाडीला देते तेव्हा गळतं, आणि मुळात तेवढ्याशा पत्र्यावर एवढं धूड हलायचं कसं— मी चौथी शिकलेली बाई, मला कळलं. यांना नसेल कळलं? गाडीतून उतरेचनात. जेवायला बोलवायला गेले तर काच वर केली, माझ्या तोंडावर. तुमचा कागद आल्यापासून असंच चाललं होतं हो. दाढी नाही, अंघोळ सांगितली तर, आणि दिवसभर माझ्या टेबलाकडे बघत बसायचं, मी कपड्यांना नाही, त्यांनाच चटके देतेय असं. त्यातून ही पॅनेलं आली, चार दिवस जरा बरे होते, आणि मग हे सात.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले. मी गाडीची वायर पेटीतून काढली आणि इथे लावली. इथे, हा बघा, इस्त्रीचा मोठा पॉइंट. दोन तास. इस्त्री थंड ठेवून, कारण दोन्ही लावलं की फ्यूज उडतो. उठायच्या आधी वायर परत पेटीत. संध्याकाळी आकडा सत्तावीस. एका दिवसासाठी म्हणून केलं होतं मी. एकाच दिवसासाठी.

मग काय, दाढी झाली. नखं कापली. वही आली, रोज पाच वाजता आकडा लिहायचा. शेजारपाजारचे बघायला यायला लागले, यांनी हात मागे बांधून समजावायचं आणि मी पाणी द्यायचं. समोरचा तो नाकाने कांदे सोलणारा कारकून वहीतले आकडे उतरवून घेऊन गेला— मला वाटलं, एक ठेवून द्यावी त्याला, आणि एक मला. रोज दुपारी माझं टेबल बंद, म्हणून पहाटे चारला उठून इस्त्री उरकायची. एकदा दिवसभर ढग होते. मी आपली सवयीने वायर लावली आणि संध्याकाळी आकडा पंचवीस. म्हटलं आता सापडले. तर हे काय म्हणावेत, ढगातला उजेड चारी बाजूंनी येतो, म्हणून पॅनेलाला कमी पडत नाही. वहीत लिहिलं, खाली पट्टीने रेघ ओढली. इतकी घाण वाटली मला. यांचीही वाटली, खोटं कशाला बोलू. पण जास्त माझी. जो माणूस नुसत्या बोटाने वायर चाचपून बिघाड सांगायचा, त्याला मी असलं काही बोलायला लावलं.

तेव्हा साहेब, तुमच्या आवारात माझा पॉइंट नाही. तिथे सात येणार. सगळे हसणार, आणि मग हा माणूस गाडीची काच वर करेल ती पुन्हा खाली घ्यायचा नाही. मला तो आकडा नको, माझा नवरा हवाय.

यांना? छे, यांना काही माहीत नाही. कसं असेल? मी कधी चुकले नाही. एकदाच फक्त, हॉटेलच्या चादरी पोचवायला गेले होते, तिथल्या मॅनेजरने मोजायला तासभर लावला, घरी यायला साडेचार वाजले. धावतच आले. तर हे उठून बसलेले, आणि वायर पेटीत, जिथे असायला हवी तिथे. म्हटलं, जाताना मीच लावून गेले असेन. घाईत माणसाच्या लक्षात राहत नाही. लावूनच गेले असेन—

नाही. नव्हती लावली. वायर पॉइंटात खोचली आणि तशीच गाठोडं घेऊन निघाले, दारात तीच वायर पायात आली, चादरी मातीत पडता पडता वाचल्या. मला आठवतंय ना. मग परत पेटीत कुणी लावली? या घरात दोघंच आहोत आम्ही.

त्या दिवशीही सत्तावीस लिहिलं त्यांनी.

आणि तेव्हापासून दुपारी झोपायला जाताना मोठ्याने खोकतात. दोनदा. मला वाटलं, धूळ जाते घशात, मी काढा करून देत होते. आणि गेले तीन आठवडे तुमच्या प्रत्येक निरोपाला कारण सांगतात ना, आज पाठ, उद्या पाऊस येईल— मी म्हणायचे, असा कसा हा माणूस, जायला घाबरतो.

फाटक वाजलं. आले. आता नीट ऐका, पुन्हा सांगायला वेळ नाही. प्रयोग तुम्ही रद्द केलात. वरून परवानगी नाही. कारण विचारू नका, साहेब लोकांना कारण लागतं कधी? आणि असं तोंड पाडून बसू नका, त्या कागदावर सही केलीत तेव्हा जसे बसला असाल तसे बसा—

अहो, आलात? हे तुमचे डेपोचे साहेब. म्हणतात, प्रयोग रद्द, वरून परवानगी मिळाली नाही. हो ना, मीही तेच म्हणते, बघवत नाही मेल्यांना कुणाचं चांगलं झालेलं. सांगा की तोंडावर, बसलेत समोर. घाला शिव्या, आता कुठे ते साहेब तुमचे.

झालं? बरं. साहेब, उठा, दार तिकडे आहे. आणि अहो, तुम्ही आत जाऊन पडा जरा, दोन वाजत आले.