बरणीवरचं बोट

नवरा : पुन्हा एकदा. मी वकील आहे असं समज. बाई, आरोपीच्या बोटाचा ठसा तुम्ही स्वतंत्रपणे तपासलात का?

बायको : नाही.

नवरा : "हो" म्हणायचंय.

बायको : पण मी तपासला नाही.

नवरा : अहवालावर दुसरी सही कोणाची आहे?

बायको : माझी.

नवरा : मग तपासलास. आणि असं पुटपुटू नकोस, मोठ्याने बोल. त्या कोर्टातला पंखा फार वाजतो, न्यायाधीशांना निम्मं ऐकूच येत नाही.

बायको : ती सही मी कुठे केली, आठवतंय तुम्हाला?

नवरा : ऑफिसात.

बायको : लिफ्टपाशी. मुलीच्या शाळेतून फोन आला होता, ताप आहे, घेऊन जा. तुम्ही पायाने लिफ्टचं दार अडवून धरलंत आणि मी तुमच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मी म्हटलं होतं, उद्या बघते. तुम्ही म्हणालात, मी बघितलंय ना.

नवरा : मग, बघितलंच होतं.

बायको : दुसरी सही कशासाठी असते?

नवरा : पहिल्याचं चुकलं असेल तर कळावं म्हणून.

बायको : आणि ती पहिल्याच्या पाठीवर कागद ठेवून करायची.

नवरा : हे चांगलं आहे. कोर्टात म्हणू नकोस. चहा घे, अकराला तिथे पोचायचंय. आधी तुझी साक्ष आहे, मग माझी.

बायको : मी तो ठसा रविवारी काढून बघितला.

नवरा : रविवारी तू बहिणीकडे होतीस.

बायको : ऑफिसात होते. बहिणीला सांगून ठेवलं होतं.

नवरा : म्हणजे मेहुणीही सामील.

बायको : अहो, ऐका ना. औषधाच्या दुकानातल्या काचेवरचा तो ठसा जेमतेम अर्धा आहे. घसरलेला, त्यात ओल लागलेली. आरोपीच्या, त्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्या फ्रिजवाल्याच्या, बोटाशी बरंच जुळतं, नाही असं नाही. पण मधली एक रेघ त्याच्या बोटावर फुटून दोन होते. काचेवर ती सरळ संपते.

नवरा : दाब. बोट हलकं टेकलं की फाटा उमटत नाही.

बायको : आणि खाली काचेवर एक ठिपका आहे, तो त्याच्या बोटावर नाहीच.

नवरा : धूळ.

बायको : म्हणजे जुळतं ते बोट, आणि जुळत नाही तो दाब नाहीतर धूळ.

नवरा : त्याला अनुभव म्हणतात.

बायको : कॉम्प्युटरने किती जण काढून दिले होते?

नवरा : तो दर वेळी दहा देतो. साठवलेल्या लाखो बोटांमधली सगळ्यांत जवळची.

बायको : लाखोंतून एकमेकांसारखी दिसणारी दहा मुद्दाम शोधायची, आणि मग आपणच म्हणायचं, अगंबाई, किती सारखी दिसतात! फ्रिजवाला त्यात कितवा होता?

नवरा : चौथा. पण वरचे तिघे धुतल्या तांदळासारखे. हा एकदा चोरीसाठी आत जाऊन आलेला.

बायको : ते बोटावर लिहिलेलं असतं का?

नवरा : तपास अधिकारी म्हणाले.

बायको : ठसा बघायच्या आधी, की नंतर?

नवरा : आधी. म्हणून काय झालं? माझे डोळे काही कानांना जोडलेले नाहीत.

बायको : त्या माणसाविरुद्ध दुसरा काहीही पुरावा नाही. चोरीचा माल सापडला नाही, दुकानदाराच्या डोक्यात कोणी मारलं ते त्याला दिसलं नाही. आहे ते फक्त हे बोट. आणि आज आपण दोघांनी हो म्हटलं की तो म्हातारा होऊनच बाहेर येईल.

आई : झालं का तुमचं कोर्ट? मी ही बरणी धुऊ का आता? पंधरा दिवस झाले, चार बिस्किटं कमी भरली म्हणून काळी भुकटी फासून ठेवली आहेस तिच्यावर. उरलेली कागदात राहून राहून मऊ पडली.

नवरा : आई, आत्ता नको.

आई : माझ्या धाकट्या भावाने आजही फोन उचलला नाही.

नवरा : अपराधी माणूस फोन उचलत नाही.

आई : अपमान झालेलाही उचलत नाही! सख्खा मामा तुझा. चार दिवस बहिणीकडे राहायला आलेला. तू बोटांना शाई लावतो म्हणालास तर त्याने हौसेने दहाही बोटं पुढे केली, भाच्याची कला बघायची म्हणून. आणि तू सगळ्यांदेखत काय म्हणालास? "मामा, बरणीवर तुमचा उजवा अंगठा आहे." पोरगी हसली. त्याने त्याच संध्याकाळी पिशवी भरली. हातांची शाई तरी नीट धुऊ द्यायची होतीस रे त्याला.

नवरा : विज्ञान नातं बघत नाही.

आई : नातं बघत नाही, तर मग बाकीच्यांची बोटं का नाही बघितलीस? माझी? तुझी स्वतःची?

नवरा : गरज नव्हती. डॉक्टरांनी गोड बंद केलेला आणि तरी गोडासाठी जीव टाकणारा माणूस घरात एकच होता.

आई : म्हणजे आधी ठरवलंस आणि मग भिंग काढलंस.

नवरा : आई, तू वकील का झाली नाहीस?

आई : तुझ्या आजोबांना विचार. ते नाहीत म्हणून वाचले.

बायको : अहो, निघायच्या आधी माझं एक काम कराल? नवीन केस आहे. सायकलच्या दुकानातली चोरी.

नवरा : घरी कामं आणू नयेत.

बायको : पाच मिनिटांचंच आहे. एका शाळामास्तरांवर संशय होता. पोलिसांनीच सोडून दिलंय त्यांना, चोरीच्या दिवशी ते दवाखान्यात दाखल होते. आपण फक्त कागद पुरा करायचा. ही दोन कार्डं.

नवरा : दवाखान्यात होते तर बघायचं काय त्यात? बरं, भिंग दे.

(तो खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बघत राहतो. चहावर साय धरते.)

नवरा : नाही जुळत.

बायको : नक्की?

नवरा : शंभर टक्के. इकडे ये, बघ. या कार्डावर रेघ फुटून दोन होते. त्या कार्डावर ती संपते.

बायको : दाब कमी पडला असेल.

नवरा : दाबाने रेघ पुसट होते. गाशा गुंडाळून चालती होत नाही. आणि हा ठिपका बघ, हा इकडे कुठे आहे?

बायको : धूळ असेल.

नवरा : असा प्रत्येक ठिपका धूळ म्हणून झटकायला लागलीस तर जगातलं कुठलंही बोट कुठल्याही बोटाशी जुळेल. इतकी वर्षं काय शिकलीस माझ्याकडून? मास्तरांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. लिहून टाक.

आई : कोण गं हे मास्तर?

बायको : मास्तर नाहीत, आई. हा आपल्या बरणीवरचा ठसा. आणि तो मामांचा अंगठा.

आई : या बरणीवरचा?

बायको : याच. कार्डं तीच आहेत, यांनी केलेली. मी फक्त वरच्या चिठ्ठ्या काढल्या.

आई : म्हणजे माझ्या धाकट्याने खाल्ली नाहीत!

नवरा : हा विश्वासघात आहे.

बायको : आहे. मला दुसरं काही सुचलं नाही. सांगून दाखवलं असतं तर तुम्हाला त्यात मामाच दिसले असते.

नवरा : इथे उजेड कमी आहे.

बायको : शंभर टक्क्यांपुरता होता.

आई : अगं, मग बिस्किटं कोणी खाल्ली?

बायको : ते सांगता येत नाही. मामांनी खाल्ली नाहीत असंही मी म्हणत नाही, आई. या ठशावरून कळत नाही, एवढंच.

आई : मग मी त्याला फोनवर काय सांगू?

बायको : की आम्हाला माहीत नव्हतं, आणि तरी आम्ही बोललो.

आई : एवढं म्हटलं तरी विरघळेल तो. फार मऊ आहे. शेजारच्यांच्या फोनवरून लावते, तो उचलेल. बरणी धुऊ ना?

नवरा : धू.

बायको : चहा दुसरा करू का?

नवरा : नको. बावीस वर्षं झाली मला या कामात.

बायको : माहीत आहे.

नवरा : कधी कोणी माझ्या निकालावर बोट ठेवलं नाही.

बायको : कोण ठेवणार? दुसरी सही माझी असायची. आधी तुम्ही माझे साहेब होतात म्हणून मी तुमची री ओढली, मग नवरा झालात म्हणून. आपल्या अहवालात तीन चौकटी असतात. जुळतो, जुळत नाही, सांगता येत नाही. त्या तिसऱ्या चौकटीत तुम्ही कधी खूण केल्याचं मला आठवत नाही. आणि मीही नाही केली. मला लाज वाटते हो.

नवरा : तिसरी चौकट कामचुकारांसाठी असते असं आमचे साहेब म्हणायचे.

बायको : आणि तुम्ही त्यांची री ओढलीत.

नवरा : त्या फ्रिजवाल्याने केलंही असेल.

बायको : असेल.

नवरा : मग आज तुझ्यामुळे तो सुटेल.

बायको : हो. त्याचीही भीती वाटते मला. पण त्याची बायको कोर्टाबाहेरच्या बाकावर बसते. मागच्या तारखेला बसायला जागा नव्हती, तर तिने डबा मांडीवर घेतला आणि सरकून मला जागा दिली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून राहिले, आणि माझ्या पिशवीत तो अहवाल होता.

नवरा : तू आज हे बोललीस तर माझ्या जुन्या केसेस उघडतील. सगळ्या.

बायको : उघडू देत. मी बसेन तुमच्याबरोबर. एकेक बघू. पण या वेळी आधी मी बघणार, तुम्ही नंतर. वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना काही न सांगता.

नवरा : म्हणजे घरात बोलायचंच नाही का आता?

बायको : बिस्किटांवर बोलू.

नवरा : लग्न ठरवताना तरी तू नीट तपासलं होतंस का?

बायको : कुठलं? तेव्हाही तुम्हीच म्हणालात, मी बघितलंय ना.

नवरा : आणि आपलं जुळलं.

बायको : त्यात दाब होता आणि धूळही होती. धरून चाललो.

आई : अरे, उचलला! धाकट्याने उचलला! विचारतोय, निकाल फिरवला कोणी?

नवरा : सांग, मीच फिरवला. न कळत.

आई : आणि विचारतोय, सदऱ्याला लागलेले शाईचे डाग कशाने जातात?

नवरा : रॉकेलने. नाहीतर मी येतो म्हणावं, रविवारी. मीच काढतो.

बायको : अहो, तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय सांगणार?

नवरा : त्या मास्तरांची गोष्ट सांगेन.

बायको : खरंच?

नवरा : वकील हसेल. सगळेच हसतील. ते जाऊ दे, आधी तुझं बघू. मी वकील आहे असं समज. बाई, हा ठसा तुम्ही स्वतंत्रपणे तपासलात का?

बायको : सही केली तेव्हा नाही. नंतर तपासला.

नवरा : मग आज तुमचं मत काय? हे बोट आरोपीचं आहे की नाही?

बायको : सांगता येत नाही.

नवरा : काय म्हणालात?

बायको : सांगता येत नाही.

नवरा : मोठ्याने. तिथला पंखा फार वाजतो.