बेटावरचं डोहाळजेवन

...तर काय हो! ज्यो येतो त्यो मलाच इचारतो, "छबुमावशी, पाखरं कुटं गेली?" जशी काय म्याच पदराखाली झाकून ठिवलीत! आता तुमी पार बीडवरनं गळ्यात कॅमेरे आडकवून आलाव, बसा जरा. ते तळ्याच्या मदी बाभळीचं बेट दिसायलंय न्हवं? तितंच झालं सगळं. पर आदीच सांगते, आमच्या गावची मानसं वाईट न्हाईत बरं का!

थंडी पडली की त्या बाभळींवर करकोचे यायचे. लांब पायाचे, पिवळ्या चोचीचे, शेपटापाशी असा गुलाबी रंग... बगतच ऱ्हावं. घरटी बांधायचे, अंडी घालायचे, पिल्लं उडाया लागली की जायचे. मंग कुनीतरी मोबाईलवर फोटू टाकला अन् तुमाला सांगते, जत्राच! मोटारी काय, भज्याचे गाडे काय... शेवटाला फॉरेस्टच्या योगिता मॅडम आल्या. वयानं पोरच, पर शानी. म्हन्ल्या, "छबुबाई, लोक येऊ द्या, पण बेट टिकलं तरच लोक येतील. तुमच्या बचत गटानं वल्ह्याची नाव चालवायची, एका वेळी एकच. बेटाभोवती दोरी बांधू, तिच्या अलीकडूनच बघायचं. बेटावर पाय ठेवायचा नाही."

आता हे गावाला कसं सांगावं? आमच्याकडं नियम म्हन्लं की लगेच, "तू कोन सांगनार बे?" म्या पारावर उभी ऱ्हायले अन् म्हन्लं, "आवो, लेकी बाळंतपनाला माहेरी आल्यात! बाळंतिणीच्या खोलीत कोनी घुसतं का? तिच्या उशाला कालवा करतेत का?" झालं! सारं गाव चिडीचूप. आमचे हे तर घरात खोकायचे सुदिक तोंडावर टॉवेल धरून! सोन्यासारखं साल गेलं ते. पावने यायचे, लांबनं बगायचे, गटाच्या बायांच्या हाताला काम, पिल्लं बी उडून गेली सुखानं. म्हन्लं न्हवं, मानसं वाईट न्हाईत.

पर म्या लेकी म्हन्ले ना... तितंच घोळ झाला.

पुढच्या थंडीला आमचे पुढारी आले, विजयसिंह भाऊ. "काकू, लेकी माहेरी आल्या अन् डोहाळजेवन न्हाई? शेजारच्या लिंबागणेशचे पावने काय म्हनतील? गावाची इज्जत हाय का न्हाई?" म्या म्हन्लं, "भाऊ, पाखरं हायती ती!" तर बाया माझ्यावरच उठल्या. गटातली केशरबाई म्हन्ली, "तूच म्हन्लीस की लेकी! मंग लेकीची वटी भरू न्हाई कावून?" अन् मॅडम नेमक्या रजेवर. मला बी वाटलं, वटी भरल्यानं आजवर कुनाचं वाईट झालंय? माया व्हती हो, निस्ती माया!

नावेतलं डोहाळजेवन म्हन्ले! जेवड्या म्हून नावा व्हत्या, इंजिनाच्या बी, सगळ्या झेंडूनं सजल्या. म्होरं हलगी. मदीच भाऊंचा सत्कार, कशाबद्दल ते भाऊंला बी ठाव न्हाई! केशरबाईनं बेटावर उतरून बाभळीला हिरवं लुगडं गुंडाळलं, बुडाशी खन-नारळ ठिवला. येक जन माईकवर वरडायलाय, "बर्फी का पेढा? बर्फी का पेढा?" आरं, करकोचा काय सांगनार मुडद्या, त्याला मासा पायजे! म्या दोरीपाशी नाव आडवी घातली, हात जोडले, "हळू रे बाबांनो!" तर हलगीवाला म्हनतो, "मावशी, हळूच वाजवायलोय की!"

अन् मंग कुनीतरी फटाक्याची माळ लावली.

सारं बेट उठलं हो... ऊन झाकलं. लोकायनी टाळ्या वाजवल्या! केशरबाईनं हात जोडले, "बगा, आशीर्वाद द्यायल्यात!" म्या आपली बगतेय, आता बसतील, आता बसतील... वर घिरट्या घातल्या, घातल्या, अन् गेले. अंडी उघडीच. दुपारपातुर कावळे आले. डोहाळजेवन झालं ते कावळ्यांचं. केशरबाई काठावर बसून तोंडात पदर कोंबून रडली. वाईट आसती तर चार शिव्या तरी हासडल्या आस्त्या!

औंदा येक बी पाखरू आलं न्हाई. मॅडमनी मोठा बोर्ड लावलाय, 'शांतता राखा.' राखतेत की सगळे! बेटावर कोनी पाय ठिवत न्हाई, दोरीला कोनी हात लावत न्हाई, योक बी नियम मोडत न्हाई हो आता गाव.

परवा बाजारात परगावची येक बाई भेटली. म्हन्ली, आमच्या तळ्यावर औंदा गुलाबी शेपटाची पाखरं उतरलीत. तशीच गेलते म्या. व्हतीच की! घरटी, अंडी, सगळं... लांबूनच बगितलं, झाडाआडून. जीव लई वढला, पर फुडं गेले न्हाई. कुनाला बोलले बी न्हाई, आमच्या ह्यांला सुदिक न्हाई...

काय? कोन्तं तळं? कोन्तं गाव?

न्हाई. तेवडं सांगायची न्हाई. आवो, रागावू नका, तुमच्यात खोट काढत न्हाई म्या. तुमी लई चांगली मानसं दिसता... त्याचंच तर भ्याव वाटायलंय!